बेल्ट तुटला? नवा चढवण्याआधी हे करा

गाडीच्या इंजिनाचा बेल्ट तुटल्यावर लोक दोनपैकी एक चूक हमखास करतात. पहिली म्हणजे "इंजिन चालू आहे ना, मग जाऊ घरापर्यंत" म्हणत गाडी तशीच दामटायची. मग वाफा निघतात, हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) उडतं आणि काहीशे रुपयांच्या बेल्टपायी इंजिन खोलायची वेळ येते. दुसरी चूक जास्त फसवी. मिळेल तिथून नवा बेल्ट आणायचा, चढवायचा आणि निघायचं. जुना का तुटला, हे कोणीच बघत नाही.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. मुंबईहून नाशिकला येताना शहापूरजवळ बेल्ट तुटला. रस्त्याकडेच्या फिटरने वीस मिनिटांत नवा बसवून दिला, आणि मीही खूश होऊन पैसे दिले. कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडायच्या आत दुसरा बेल्टही गेला. त्या वेळी बॉनेट उघडून नीट बघितलं तर आयडलर पुलीचं (बेल्टला फक्त वाट दाखवणारी मोकळी पुली) मधलं लोखंड तापून निळं-जांभळं पडलेलं आणि बाहेरचं प्लास्टिक एका बाजूने मेणासारखं ओघळलेलं. बेअरिंग जाम झालं होतं. ती पुली शहापूरलाच एकदा हाताने फिरवली असती तर दुसरा बेल्ट वाचला असता.

पुढे लिहिलंय ते इंजिनाच्या बाहेर दिसणाऱ्या बेल्टबद्दल. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसी, कुठे पाण्याचा पंप, कुठे पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवणारा हा पट्टा. गॅरेजात त्याला अजूनही सरसकट "फॅन बेल्ट" म्हणतात, मग तो फॅन फिरवत असो वा नसो. सगळ्या पायऱ्या क्रमाने करा. क्रम चुकला की गडबड होते.

१. तुटलाय तो कोणता बेल्ट?

दोन प्रसंग वेगळे ओळखता आले पाहिजेत.

बाहेरचा बेल्ट तुटला तर धाडकन किंवा फटफट असा आवाज येतो, डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, पण इंजिन चालूच राहतं. थोड्या वेळात एसीची हवा गरम होते. हायड्रॉलिक (तेलाच्या पंपावर चालणारं) स्टिअरिंग असेल तर ते एकदम दगडासारखं जड होतं. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर तापमानाचा काटा चढू लागतो.

टायमिंग बेल्ट, म्हणजे ज्याच्यामुळे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात-मिटतात तो आतला पट्टा, तुटला तर इंजिन चालता चालता तिथल्या तिथे बंद पडतं. स्टार्टर मारला की नेहमीपेक्षा हलकं, पोकळ फिरल्यासारखं वाटतं.

इशारा: इंजिन आपोआप बंद पडलं असेल तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. टायमिंग बेल्ट तुटलेल्या बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, आणि प्रत्येक सेल्फबरोबर नुकसान वाढतं. अशी गाडी थेट टोचन करून न्यायची. पुढच्या पायऱ्या तिच्यासाठी नाहीत.

२. गाडी बाजूला घ्या, पण इंजिन लगेच बंद करू नका

बॅटरीचा दिवा लागला की आधी एसी, ब्लोअर, रेडिओ बंद करा. मग तापमानाच्या काट्याकडे बघा. काटा मध्यावर असेल तर सुरक्षित जागा गाठण्यापुरता वेळ तुमच्या हातात आहे. स्टिअरिंग जड झालं तरी फिरतं. फक्त दोन्ही हातांनी आणि जोर लावून फिरवायचं.

गाडी पूर्ण थांबल्यावरच इंजिन बंद करा. घाट उतरताना बेल्ट तुटला तर "इंजिन गरम नको व्हायला" म्हणून चावी फिरवून, न्यूट्रलवर गाडी सोडणारे लोक मी पाहिले आहेत. हे जिवावर बेतणारं आहे. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपते, इंजिनाचा रोधही जातो आणि चावी चुकून पूर्ण मागे गेली तर स्टिअरिंग लॉक होतं. उतारावर गिअरमध्येच राहा आणि पहिल्या मोकळ्या जागी थांबा.

थांबल्यावर हॅझर्ड लाइट लावा. त्रिकोणी फलक गाडीमागे निदान पन्नास पावलांवर ठेवा. वळण असेल तर फलक वळणाच्या आधी हवा, म्हणजे मागून येणाऱ्याला वळायच्या आत कळेल. माणसांना रस्त्याच्या कठड्यापलीकडे उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, आणि धोका वाटला तर ११२.

३. बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसतं बघा

चावी काढून खिशात ठेवा. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा इलेक्ट्रिक फॅन तापमानामुळे आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून त्याच्या पात्यांपासून हात लांब ठेवा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा, आणि मगही जाड कापड धरून.

आता बेल्टची बाजू बघा. इंजिन आडवं बसवलेल्या छोट्या गाड्यांत ही बाजू बहुधा एका पुढच्या चाकाकडे, अगदी अरुंद जागेत असते. बोलेरोसारख्या उभ्या इंजिनाच्या गाडीत ती समोर, रेडिएटरकडे.

बेल्टचे तुकडे गोळा करा. फेकू नका. मोबाईलवर पुलींचे फोटो काढा, वरून आणि बाजूने. बॉनेटच्या आत किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर बेल्टच्या मार्गाचं चित्र चिकटवलेलं असेल तर त्याचाही फोटो घ्या. नसेल तर गाडीचं पुस्तक पाहा.

तपासा: क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) मोठ्या पुलीभोवती बेल्टचे दोरे गुंडाळलेत का? हे दोरे पुलीच्या मागे ओढले जाऊन ऑइल सीलपर्यंत, काही इंजिनांत टायमिंगच्या कव्हरातही घुसतात. दिसतील तेवढे पक्कडीने काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. तुकडे जमिनीवर जोडून ठेवले की बेल्टचा किती भाग अजून आत अडकलाय, हेही कळतं.

४. चालवायची की टोचन करायची?

सगळा निर्णय एका प्रश्नावर आहे: तुटलेला बेल्ट काय काय फिरवत होता? काही गाड्यांत एकच लांब बेल्ट सगळं फिरवतो, काहींत दोन-तीन वेगळे असतात.

पाण्याचा पंप. त्याची पुली बहुधा मधोमध तीन-चार छोट्या बोल्टांनी बसवलेली असते आणि जवळच कूलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे) जाड पाइप दिसतात. ती तुटलेल्या बेल्टच्या मार्गात असेल तर विषय संपला: गाडी चालवायची नाही. पंप थांबला की इंजिनाच्या ब्लॉकमधलं पाणी जागच्या जागी उकळायला लागतं. "पाणी ओतत ओतत जाऊ" हा सल्ला देणारा माणूस हमखास भेटतो. पाणी फिरतच नसेल तर ओतून उपयोग काय? काही इंजिनांत पाण्याचा पंप आतल्या टायमिंग बेल्टवर असतो. तिथे बाहेरचा बेल्ट तुटला तरी पाणी फिरत राहतं. पण हे पक्कं माहीत असेल तरच, अंदाजावर नाही.

ब्रेक. याकडे फारच कमी लोकांचं लक्ष जातं. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. बेल्ट तुटला की अल्टरनेटर थांबतो, त्याबरोबर व्हॅक्यूमही जातो. ब्रेक लागतात, पण सगळी ताकद पायाची. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पॅडल कडक होईल. तसाच दाबून धरा आणि इंजिन काही सेकंदांसाठी सुरू करा. पॅडल पायाखाली थोडं खाली गेलं तर व्हॅक्यूम येतोय. जरासुद्धा हललं नाही, तर ही गाडी रस्त्यावर न्यायची नाही, आणि दोरीने टोचनही करायची नाही. क्रेन किंवा फ्लॅटबेड बोलवा.

अल्टरनेटर. इथे हिशेब बॅटरीचा. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल पंप आणि इग्निशन मिळून दहाएक अँपिअर ओढतात. हेडलाइट लावले की आणखी तेवढेच. रेडिएटरचा फॅन फिरला की त्याहून जास्त. शिवाय स्टिअरिंग इलेक्ट्रिक असेल तर तेही याच बॅटरीवर. पुस्तकी ३५ पैकी वापरता येईल ते निम्मंच धरा. म्हणजे दिवसा, सगळं बंद ठेवून, चांगल्या बॅटरीवर अर्धा-पाऊण तास. रात्री, पावसात, वायपर आणि दिवे लावून पंधरा-वीस मिनिटंही भरवशाची नाहीत. इंजिन एकदा बंद केलंत तर पुन्हा सुरू होईलच असं नाही.

फक्त एसी किंवा फक्त हायड्रॉलिक स्टिअरिंगचा वेगळा बेल्ट तुटला असेल तर, बाकीचे बेल्ट शाबूत आहेत आणि तुकडे कुठे अडकलेले नाहीत हे पाहून, सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं.

आणि ते ओढणी, दोरी, नायलॉनचे मोजे बांधून गाडी चालवण्याचं प्रकरण. एका खोल खाचेच्या जुन्या पुलीवर, हळू चालवून, कोणाचं कधी जमलं असेल. आजच्या सपाट, बारीक खाचांच्या पुलीवर गाठ फिरतच नाही. सुटते आणि फॅनमध्ये जाते.

५. बरोबर बेल्ट आणा

"अमुक गाडीचा बेल्ट द्या" एवढ्यावर दुकानात जाऊ नका. एकाच मॉडेलमध्ये एसी असलेली-नसलेली, पेट्रोल-डिझेल, हायड्रॉलिक-इलेक्ट्रिक स्टिअरिंगची असे फरक असतात आणि बेल्ट प्रत्येकाचा वेगळा. जुन्या बेल्टच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. '६ पीके १७५०' असेल तर सहा उभ्या धारा आणि १७५० मिलिमीटर लांबी. नंबर पुसला असेल तर धारा मोजा आणि लांबी चॅसिस नंबरवरून दुकानदाराकडून काढून घ्या. तुटलेला बेल्ट ताणून मापायचा नाही. वापरलेला बेल्ट मूळ मापाचा राहिलेला नसतो.

सहाच्या जागी पाच धारांचा बेल्ट "तात्पुरता" बसवू नका. पंधरा-वीस मिलिमीटर लांबही नको. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) ते खेचून घेईल असं वाटतं, पण तो आपल्या टोकाला जाऊन बसतो आणि पुढे बेल्ट झिजला की ताणायला काही उरत नाही.

टेन्शनर नसलेल्या काही गाड्यांत स्ट्रेच बेल्ट असतो. तो स्वतःच ताणून बसतो. त्याच्या जागी साधा बेल्ट चालत नाही, आणि तो चढवायला वेगळं हत्यार लागतं. स्क्रूड्रायव्हरने ओढून चढवलेला स्ट्रेच बेल्ट आतल्या दोऱ्यांना जखम करूनच बसतो. हे काम गॅरेजला द्या.

तपासा: पैसे देण्याआधी नवा आणि जुना बेल्ट शेजारी धरा. रुंदी, धारांची संख्या, खाचांचा आकार तंतोतंत जुळायला हवा. नवा बेल्ट दुकानात घट्ट मुडपून बांधलेला असेल तर तो परत करा.

६. तयारी

हत्यारं फार लागत नाहीत: रिंग पाने आणि गोटी पाने (१०, १२, १४, १७ हे जास्त), लांब दांड्याचं रॅचेट, एक टॉमी (रेटायची लोखंडी कांब), टॉर्च, चिंध्या, आणि असेल तर साधा मल्टिमीटर. बाजूच्या चाकाकडून हात घालायचा असेल तर चाक काढून चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं कव्हर सोडवावं लागतं. मग जॅकबरोबर स्टँड हवाच. गाडीतल्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. उतारावर किंवा महामार्गाच्या कडेला चाक काढून हे काम करू नका.

इंजिन गार होऊ द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर (काळी, बहुतेक १० चा पाना) सोडवून बाजूला बांधा. अल्टरनेटरच्या पाठीमागच्या जाड वायरीत चावी बंद असतानाही करंट असतो. पाना एका बाजूने तिला आणि दुसऱ्या बाजूने बॉडीला लागला की ठिणग्या उडतात, पाना चिकटतो, हात भाजतो. बेल्ट बदलताना नेमका तिथेच पाना फिरवायचा असतो.

७. का तुटला?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सुरुवात जुन्या बेल्टपासून.

एक कड उसवलेली, दोरे लोंबतायत: पुली एका रेषेत नाहीत, किंवा कुठल्यातरी पुलीचं बेअरिंग ढिलं होऊन ती तिरकी पळतेय. खाचांची बाजू काचेसारखी चकचकीत, जळकट वास: बेल्ट घसरत होता, एक तर ताण कमी, नाहीतर एखादी पुली जाम. बेल्ट फुगलेला, मऊ, बोटांना चिकट: वरून तेल किंवा कूलंट ठिबकतंय. सरळ आडवा तुटलेला: काहीतरी अचानक अडकलं, किंवा खडा घुसला. इंजिनाखालचं कव्हर कुठल्याशा सर्व्हिसमध्ये काढून परत लावलेलंच नसेल तर पावसाळ्यात खडी आणि चिखल थेट बेल्टवर उडतात. खाली वाकून ते कव्हर आहे का बघा.

धारांवर आडव्या बारीक भेगा म्हणजे वय झालं होतं. पण उलटं गृहीत धरू नका. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट बहुधा भेगाळत नाहीत. ते टायरसारखे झिजतात. वरून गुळगुळीत, सुंदर दिसतो आणि खाचा रुंद झालेल्या असतात. "भेगा नाहीत म्हणजे चांगला आहे" ही समजूत आता सोडावी.

आता पुल्या. प्रत्येक पुली हाताने फिरवा. एकही सोडू नका.

आयडलर आणि टेन्शनरची पुली बोटाने फिरवून सोडा. ती शांतपणे फिरून थांबली पाहिजे. खरखर आवाज आला, दाणे लागल्यासारखं वाटलं, बेअरिंग गेलं. अगदी मोकळी, भिंगरीसारखी फिरत राहिली तरी संशय घ्या: आतलं ग्रीस संपलंय. माझी इगतपुरीची पुली अशीच गेली असणार, आधी भिंगरी आणि मग जाम.

अल्टरनेटर थोडा जड पण एकसारखा फिरावा. डिझेल गाड्यांत कधीकधी त्याची पुली एकाच दिशेने धरते आणि उलट्या दिशेने मोकळी फिरते. तो दोष नाही. दोन्ही दिशांना घट्ट किंवा दोन्ही दिशांना मोकळी असेल तर ती गेली.

एसी कॉम्प्रेसरची बाहेरची पुली क्लच बंद असताना मोकळी फिरली पाहिजे. ती खरखरत असेल किंवा जाम असेल तर नवा बेल्ट पहिल्या पाच मिनिटांत जाळेल. मोकळी फिरत असेल पण एसी लावताच बेल्ट किंचाळत असेल तर दोष आतल्या कॉम्प्रेसरमध्ये असू शकतो.

पाण्याच्या पंपाची पुली दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. जरासा प्लेसुद्धा चालणार नाही. पंपाखाली पांढरट, हिरवट किंवा गुलाबी ओघळ वाळलेला दिसला तर सील फुटायला लागलंय, आणि तो पंप आत्ताच बदलायचा. एकदा बेल्ट उतरलाच आहे.

क्रँकच्या पुलीत बाहेरचं कडं आणि आतला भाग यांच्यामध्ये रबराचा थर असतो. तो फाटला की बाहेरचं कडं सरकतं, डुगडुगतं आणि बेल्ट खाऊन टाकतं. रबराला भेगा, फुगवटा बघा. शंका असेल तर आतून बाहेर खडूची एक सरळ रेघ मारून ठेवा. शेजारच्या गावापर्यंत जाऊन आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर पुली गेली.

शेवटी सगळ्या पुलींच्या खाचा चिंधीने पुसा. तेल असेल तर ते कुठून आलं, शोधा. टॅपेट कव्हरचं (इंजिनावरच्या झाकणाचं) गॅस्केट आणि स्टिअरिंगचा पाइप हे नेहमीचे गुन्हेगार. गळती तशीच ठेवून नवा बेल्ट बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली गादी घालणं.

८. बेल्ट चढवा

ताण देण्याचे दोन प्रकार असतात. तुमचा कोणता, ते आधी ठरवा.

स्प्रिंगचा टेन्शनर: त्याच्यावर पान्यासाठी षटकोनी किंवा चौकोनी जागा असते. तिथे लांब पाना लावून टेन्शनर हळूच फिरवला की बेल्टसाठी जागा होते. इथली ठरलेली चूक म्हणजे पुलीच्या मधला बोल्टच सोडायला लागणं. काही गाड्यांत तो बोल्टही टेन्शनर फिरवायलाच असतो, काहींत नसतो, आणि काहींत आटे उलटे असतात. पाना फिरतोय पण टेन्शनरचा दांडा हलत नाही असं वाटलं तर थांबा. टेन्शनर सोडतानाही हाताने सावकाश सोडा. फटकन सोडला तर आतली स्प्रिंग बिघडते आणि बोटं सापडतात.

हाताने ताणायचा प्रकार: अल्टरनेटर खाली एका बिजागरीच्या बोल्टवर टांगलेला असतो आणि वर लांबट खाच असलेली पट्टी असते. दोन्ही बोल्ट ढिले करा, काढू नका. कुठे ताणायचा लांब स्क्रू असतो. तो उलटा फिरवून अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला.

बेल्टचा मार्ग एका नियमाने लक्षात राहतो: खाचांच्या पुलीवर बेल्टची खाचांची बाजू, गुळगुळीत पुलीवर बेल्टची पाठ. क्रँकपासून सुरुवात करा, मग बाकीच्या पुल्या, आणि सगळ्यात शेवटी वरची, हाताला सहज येणारी पुली. बहुधा अल्टरनेटर, किंवा एखादी गुळगुळीत पुली.

इशारा: बेल्ट "बसला" म्हणजे मार्ग बरोबर आहे असं नाही. काही इंजिनांत पाण्याचा पंप बेल्टच्या पाठीने फिरतो. चुकीच्या मार्गानेही बेल्ट तिथे पुरेसा लांब पडतो, सगळं फिरतं, बॅटरीचा दिवा विझतो, आणि पंप उलटा फिरत असल्याने इंजिन गरम होतं. मग लोक थर्मोस्टॅट बदलतात, रेडिएटर धुतात. फोटो आणि चित्र समोर ठेवून एकेक पुली बोटाने मोजा.

चढवताना स्क्रूड्रायव्हरने रेटायचं नाही, आणि इंजिन स्टार्टरने फिरवत बेल्ट "पळवून" घ्यायचाही नाही. बोटं अशीच जातात.

९. ताण

स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर ताण तोच देतो. त्याच्यावर खूण असते; ती दिलेल्या दोन रेघांच्या मध्ये आहे का, एवढंच बघा. बाहेर असेल तर बेल्टचं माप चुकलंय किंवा टेन्शनर थकलाय.

हाताने ताणायचा असेल तर टॉमी अल्टरनेटरच्या मजबूत पुढच्या कानाला टेकवून ओढा. अॅल्युमिनियमच्या खोक्याच्या मधोमध टेकवलीत तर खोकं तडकतं. ताण धरून आधी पट्टीचा बोल्ट कसा, मग खालचा बिजागरीचा. बिजागरीचा विसरणारे पुष्कळ. आठवड्याभरात बेल्ट पुन्हा किंचाळायला लागतो.

किती ताण? दोन पुलींमधल्या सगळ्यात लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने चांगला, म्हणजे साधारण दहा किलोच्या जोराने, दाबा. आठ-दहा मिलिमीटर दबला तर ढोबळमानाने ठीक. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच खरा. "घट्ट असलेला बरा" हे इथे लागू नाही. जास्त ताणलेला बेल्ट लगेच तुटत नाही, तो अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग खातो, आणि बिल काही महिन्यांनी येतं.

१०. सुरू करण्याआधी आणि नंतर

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावा आणि इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. बहुतेक इंजिनं पुलीकडून पाहिलं की घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. दोन फेऱ्यांनंतर टॉर्च आणि मोबाईलचा कॅमेरा घेऊन प्रत्येक पुलीवर बेल्टची कड बघा. बेल्ट एक खाच बाहेर बसलेला असतो आणि वरून अजिबात कळत नाही. ही एक खाच बेल्टची कड दहा-वीस किलोमीटरांत उसवते.

हत्यारं मोजून घ्या. बॅटरीची वायर लावा. सैल शर्ट, उपरणं, ओढणी, मफलर बाजूला ठेवून इंजिन सुरू करा.

बॅटरीचा दिवा लगेच विझला पाहिजे. मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या टोकांवर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसतात. १२ च्या आसपासच राहिले तर बेल्ट फिरतोय, पण अल्टरनेटर चार्ज करत नाहीये. हेडलाइट, ब्लोअर, एसी एकेक करून लावा. आवाज येतो का ऐका.

आवाज आलाच तर बेल्टच्या खाचांवर बाटलीतून थोडं पाणी शिंपडून बघा, हात लांब ठेवून. चिवचिव क्षणभर बंद होऊन परत आली तर पुली रेषेत नाहीत. किंचाळणं वाढलं तर ताण कमी. साबण, मेण, बेल्टचा स्प्रे लावून आवाज बंद करू नका. आवाज दबतो, दोष राहतो, आणि त्या चिकट थरावर धूळ बसून खाचा झिजतात.

दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून तापमानाचा काटा बघा. इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो एकदा सुरू होऊन बंद झाला पाहिजे. आधी गाडी गरम झाली असेल तर गार झाल्यावर कूलंटची पातळी पुन्हा तपासा, आणि ऑइलच्या काठीवर दुधाळ कॉफीसारखा रंग दिसतो का तेही. दिसला तर गाडी हलवू नका, हेड गॅस्केट बघावं लागेल.

११. पुढचे शंभर किलोमीटर

हाताने ताणलेला नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो. पन्नास-शंभर किलोमीटरांनी गार इंजिनावर पुन्हा अंगठ्याने दाबून बघा, लागला तर ताण वाढवा. बॅटरी पार उतरली असेल तर शक्यतो रात्रभर चार्जरला लावा. रिकामी बॅटरी भरण्याचा भार नव्या बेल्टवर नको.

पुढच्या वेळी बेल्ट वेळेवर, न तुटता बदलाल, तेव्हा उतरवलेला बेल्ट फेकू नका. धारा शाबूत असतील तर मोठ्या सैल वेटोळ्यात, तो कुठल्या दिशेने फिरत होता त्याचा बाण काढून, पिशवीत घालून स्टेपनीच्या खाली ठेवा. सोबत पुलींच्या मार्गाचा एक छापील फोटो आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी. घाटात रेंज नसते.